ती स्वतः जेवली का?

शास्त्रभाग : १ राजे १७:८-१६



सारफथ येथील विधवेची कथा आपल्यापैकी बहुतेकांना शब्बाथशाळेपासून ठाऊक आहे. मडक्याच्या तळाशी मूठभर पीठ, कुपीत थोडेसे तेल, गावाच्या वेशीपाशी काटक्या वेचणारी एक स्त्री, आणि दूरच्या वाटेने आलेला तहानलेला व भुकेला संदेष्टा एलीया. या उताऱ्यावर मी माझ्या सेवाकाळात किती वेळा उपदेश केला असेल याची मोजदाद नाही. कापणीच्या उपासनेला केला, दुष्काळाच्या वर्षी केला, आणि प्रांजळपणे सांगायचे तर मंडळीची वर्गणी थकली म्हणजे तेव्हाही केला.

परंतु काही वर्षांपूर्वी गुजरातेतील एका कारखान्यांच्या शहरात एका लहानशा मराठी मंडळीची सेवा माझ्याकडे असताना, एका भगिनीने मला असा एक प्रश्न विचारला, जो त्यापूर्वी माझ्या मनात एकदाही आला नव्हता. उपासना संपून मंडळी पांगत होती. ती चपला पायांत सरकवता सरकवता थांबली आणि म्हणाली, "साहेब, एक विचारू का? त्या विधवेनं संदेष्ट्याला भाकर दिली, लेकराला दिली. पण ती स्वतः जेवली का?"

मी म्हणालो, "जेवली असेलच की, ताई."

"असेलच, असं नका म्हणू साहेब. शास्त्रात लिहिलंय का, ते सांगा."

मला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. घरी येऊन शास्त्र उघडले. पंधराव्या वचनात उत्तर होते. एलीयाच्या सांगण्याप्रमाणे त्या स्त्रीने केले आणि मग ती, तो व तिच्या घरची माणसे पुष्कळ दिवस अन्न खात राहिली, असे तेथे सांगितले आहे. मी टीकाग्रंथ चाळले, तेव्हा आणखी एक गोष्ट हाती लागली. हिब्रू पाठात या ठिकाणी 'तो व ती' अशी अक्षरे लिहिलेली आहेत. परंतु वाचताना 'ती व तो' असे वाचावे, अशी सूचना यहुदी शास्त्र्यांनी समासात पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवली आहे. खाण्याचे क्रियापदही स्त्रीलिंगी एकवचनी आहे. जेवणाऱ्यांच्या यादीत ती स्त्री शेवटी नाही. ती पहिली आहे. मी इतकी वर्षे हा उतारा वाचला आणि पीठ सरले नाही, तेल आटले नाही, एवढेच पाहिले. जेवायला कोण बसले, इकडे माझे लक्षच गेले नव्हते.

ते उत्तर घेऊन पुढच्या आठवड्यात मी व आमच्या सौ. त्या भगिनीच्या घरी गृहभेटीस गेलो. कुटुंब मूळचे त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. नवरा कापडाच्या कारखान्यात, ही दोन घरची धुणीभांडी करणारी, घरात म्हातारी सासू आणि शाळेत जाणारी दोन मुले. एकच खोली. आम्ही बसतो न बसतो तोच धाकट्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळण्यात आले आणि काही वेळाने आमच्यापुढे चहा, बिस्किटे व बशीभर फरसाण आले. ते उधारीवर आणले होते हे मला नंतर कळले. मी ते खाल्ले, हे येथे नमूद करतो.

आमच्या सौ. मिशनच्या रुग्णालयात परिचारिका होत्या. त्यांनी बशीकडे पाहिले नाही. बाईंचा हात हाती घेऊन त्या नखे पाहत राहिल्या, मग खालची पापणी ओढून पाहिली. दोन्ही पांढुरकी. "जिना चढताना दम लागतो का?" "लागतो थोडा." "जेवता कधी?" यावर बाई हसल्या. सगळ्यांचे झाल्यावर. काय जेवता? जे उरेल ते. बहुधा भात आणि डाळीच्या पातेल्यातले वरचे पाणी, किंवा चहात बुडवून एक चपाती. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन आठ ग्रॅम भरले. स्त्रीच्या अंगी ते निदान बारा असावे लागते.

वाचकहो, ही एकट्या एका घरची गोष्ट असती तर ती मी येथे सांगितली नसती. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ या वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांच्या अंगी रक्त कमी असल्याचे आढळले. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या बालकांत तर हे प्रमाण शंभरात ६७ आहे. रविवारी आपल्या मंदिरात डाव्या बाजूच्या बाकांवर बसलेल्या भगिनींकडे एकदा पाहा आणि मनातल्या मनात मोजा.

यावर कोणी म्हणेल, आईने उपाशी राहून लेकरांना भरवावे यात वावगे ते काय? तेच तर खरे ख्रिस्ती प्रेम! हा युक्तिवाद मी व्यासपीठावरून स्वतः केलेला आहे, म्हणून त्याचे उत्तर देणे मला भाग आहे. आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, आपण तो आपण होऊन देतो, असे प्रभूने स्वतःविषयी सांगितले आहे (योहान १०:१८). अर्पण हे देणाऱ्याच्या इच्छेतून येते. परंतु जेथे रोज, दोन्ही वेळा, एकाच माणसाच्या ताटातून कपात होते आणि ती कपात झाल्याचे इतरांच्या ध्यानातही येत नाही, तेथे अर्पण कोणी केले? तेथे घरातली तूट एका जिवाच्या अंगावर लोटली गेली, इतकेच. पुढे त्या आईच्या पोटी येणारे मूलही कमी वजनाचे निघण्याचा संभव वाढतो. म्हणजे ज्याच्यासाठी तिने घास राखला, त्याच्याच वाट्याची शिदोरी कमी होते.

माझी आईही सर्वांच्या मागून जेवत असे. ती काय जेवत असे, हे मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हा तुटपुंज्या पैशांत घर कसे भरवावे, याचा विचार करताना पहिला प्रश्न बाजारभावाचा नाही. पाने किती मांडायची, हा आहे. आठवडाभराने आमच्या सौ. एक वही घेऊन त्या घरी बसल्या. रेशनचा विषय बाजूला ठेवला तर डाळ, तेल, भाजी, दूध, चहा-साखर या सर्वांना मिळून दिवसाला सव्वाशे रुपये होते, आणि खाणारी तोंडे पाच. त्यांपैकी वीस रुपये मुलांच्या बिस्किटांच्या पुड्यांत जात. पाच रुपयांचा पुडा, दोघांना सकाळी एकेक व संध्याकाळी एकेक. महिन्याचे सहाशे झाले. त्या वेळी तेथे अंडे सात रुपयांना होते; सहाशे रुपयांत पंच्याऐंशी अंडी येतात, हा हिशेब मांडल्यावर बाई गप्प झाल्या.

जे अन्न नाही त्यासाठी पैसा का वेचता, असे यशया संदेष्टा विचारतो (यशया ५५:२), आणि बिस्किटांच्या पुड्यावर हे वचन चिकटवून उपदेश करणे फार सोपे आहे. पण थांबा. ती माऊली बिस्किटे का घेत होती? सकाळी साडेसहाला तिला दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायला हजर व्हावे लागते. मुले उठतात तेव्हा ती घरी नसते. बिस्किटाला गॅस लागत नाही, भांडे लागत नाही, आजीला उठावे लागत नाही. गरिबाच्या घरातला उधळेपणा पाहिला की त्याच्यामागे बहुतेक वेळा एखादी अडचण उभी असते, आणि ती दूर केल्यावाचून उपदेश केला तर तो वारा बनून जातो. तोड अशी निघाली, की रात्रीच हरभरे किंवा मटकी भिजत घालायची. भिजलेल्या कडधान्याला गॅसही कमी लागतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या स्वयंपाकातच ते कुकरमध्ये उकडून त्यातले वाटीभर बाजूला ठेवायचे, आणि सकाळी आजीने त्यावर मीठ व लिंबू पिळून मुलांना द्यायचे. उन्हाळ्यात मात्र हे रात्रभर टिकत नाही. त्या दिवसांत भाजलेले फुटाणे आणि शेंगदाणे. आठवड्यातून तीनदा प्रत्येक मुलाला एक अंडे, आणि आईला एक. आईचे नाव वहीत लिहायला सौ.नी बाईंनाच लावले. त्यांनी पहिल्यांदा ते लिहिले नव्हते.

एलीयाच्या कथेत एक बारीकशी गोष्ट आहे. करीथ ओहोळापाशी कावळे त्याच्यासाठी सकाळ-संध्याकाळ भाकर व मांस आणीत असत. सारफथच्या घरात मात्र मांसाचा उल्लेख नाही. तेथे पीठ आणि तेल. उद्या पुन्हा पीठ आणि तेल. अवर्षण साडेतीन वर्षे टिकले, असे लूक सांगतो (४:२५). देवाने त्या घरात मेजवानी पाठवली नाही. त्याने साधे, तेच ते अन्न पुरवले, पण कोणीही वगळले जाणार नाही एवढे पुरवले. आपण चमत्कार म्हटला की पंचपक्वान्ने डोळ्यांपुढे आणतो, आणि त्यामुळे आपल्या डब्यातल्या ज्वारीकडे पाहून खिन्न होतो.

ही खिन्नता आपल्या समाजात खोल गेलेली आहे, आणि तिचे कारण स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्यापैकी कित्येकांचे पणजोबा-पणजी १८७६-७८ च्या किंवा १८९९-१९०० च्या, ज्याला आपली वडीलधारी माणसे 'छप्पनचा दुष्काळ' म्हणत, त्या काळातल्या उपासमारीतून वाचलेले. भाकरीसाठी धर्म सोडला, असे टोमणे त्यांनी ऐकले. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी आई-वडिलांना दुष्काळात गमावले, स्वतः पाण्यावर व झाडपाल्यावर दिवस काढले. म्हणूनच पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या, तेव्हा भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. अशा पूर्वजांची आपण लेकरे. आणि तरीही पाहुणा आला की भाकरी झाकून ठेवतो व पाव पुढे करतो. बाजरी-नाचणी म्हणजे गरिबी, पांढराशुभ्र भात म्हणजे प्रतिष्ठा, असे आपण धरून चाललो आहोत.

पाच हजारांना भोजन दिल्याचा वृत्तांत चारही शुभवर्तमानांत आहे. परंतु त्या मुलाजवळच्या भाकरी जवाच्या होत्या हे एकटा योहान सांगतो (६:९). जव, म्हणजे सातू, हे त्या देशात गोरगरिबांचे व जनावरांचे धान्य. दोन मासळ्यांसाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द भाकरीबरोबर तोंडी लावायच्या मासळीला लावतात. अशी मासळी बहुधा लहान, खारवलेली किंवा सुकवलेली असे. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर त्या पोराच्या फडक्यात नाचणीची भाकरी आणि सुकट होती! अंद्रियाला ती सांगताना संकोच वाटला. प्रभूला वाटला नाही. त्याने गव्हाची भाकर मागवली नाही, जी होती तीच हाती घेऊन उपकारस्तुती केली.

आणि आपल्या या 'हलक्या' धान्यांत काय आहे ते पाहा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तितक्याच पॉलिशच्या तांदळात ते जेमतेम दहा. ज्यांच्या घरी दुधाचा रतीब परवडत नाही त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मुळात १९१८ साली कुन्नूर येथे सुरू झाली ती बेरीबेरी या रोगाच्या संशोधनासाठी, आणि तो रोग तांदूळ फार सडून त्याचा वरचा थर फेकून देणाऱ्या लोकांना होतो. कोकण-गोव्याकडचा उकडा तांदूळ या बाबतीत शहाणा आहे. उकडताना सालीतले सत्त्व दाण्यात उतरते. शहरात येऊन पांढऱ्या तांदळाचा हट्ट धरणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगायला हवे.

धान्याला डाळीची जोड हवी, एवढे मात्र पक्के. धान्यातल्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळीत असते आणि डाळीत जे उणे ते धान्यात. वरण-भात, खिचडी, पिठले-भाकरी, थालीपीठ या गोष्टी आपल्या आज्यांनी कोणत्याही विद्यापीठात न जाता शोधल्या. तीन-चार मुठी धान्याला एक मूठ डाळ हा ढोबळ हिशेब पुरतो. तूरडाळच पाहिजे असा आग्रह मात्र खिशाला झेपत नाही. मसूर, हरभरा, हुलगे, चवळी यांनी काम भागते. आणि बाळाला किंवा आजाऱ्याला 'डाळीचे पाणी' द्यायची आपली जी रीत आहे, ती सोडा. पाण्यात डाळीचा रंग येतो, डाळ खालीच राहते. सहा महिन्यांपुढच्या बाळाला घोटलेली घट्ट डाळ आणि मऊ भात द्यावा, वर चमचाभर तेल किंवा तूप.

पालेभाजीविषयी आमच्या सौ.चे ठाम मत आहे, की भाजीवाल्याने फेकलेली टोपली विकत घेतलेल्या टोपलीहून चांगली असते. फ्लॉवरचा पाला, मुळ्याचा पाला, बिटाची पाने आपण तेथेच खुडून टाकून येतो. शेवग्याचे झाड कोणाच्या तरी परसात असतेच, आणि शेंगांसाठी भाव करणारे लोक पाला फुकट देतात. बीट लाल म्हणून रक्त वाढते, ही समजूत त्या ऐकून घेत नाहीत. गुळाविषयीही त्यांचे तेच म्हणणे : चवीला खा, औषध म्हणून नको. या साऱ्या भाज्या धुऊन मग चिराव्यात, चिरून मग धुऊ नयेत. भाताची पेज ओतून देऊ नये. लोखंडी कढई जपून ठेवावी. आणि जेवणावर लिंबू पिळावे, म्हणजे भाजीतले लोह अंगी लागते. चहा नेमके उलट करतो. जेवताना किंवा जेवल्याबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह अडवतो. आपली न्याहारी काय, तर चहा-चपाती! चपाती रात्रीच्या डाळीशी खा, शेंगदाण्याच्या चटणीशी खा, आणि चहा तासाभराने प्या. याला एक पैसाही लागत नाही.

मात्र आठ ग्रॅमचे बारा ग्रॅम केवळ पालेभाजीने होत नाहीत. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. बाईंनी त्या दोन दिवस घेऊन मळमळते म्हणून डब्यात ठेवून दिल्या होत्या. प्रार्थना करते आहे, असे त्या म्हणाल्या. प्रार्थना करावीच. याईराच्या मुलीला प्रभूने मेलेल्यातून उठवले आणि पुढचे पहिले काम काय सांगितले? तिला काहीतरी खायला द्या (मार्क ५:४३). ज्याच्या शब्दाने मृत्यू हटला, त्याने मुलीच्या पोटाची चिंता घरच्यांवर सोपवली. गोळ्या जेवणानंतर घ्यायला लावल्या, तेव्हा मळमळ कमी झाली.

सुकटीचा प्रश्न सुटला नाही, हेही सांगून टाकतो. एवढे कॅल्शियम व प्रथिने इतक्या थोड्या पैशांत क्वचितच मिळतात. पण ती भाजली की चाळीभर वास जातो, आणि घर भाड्याचे. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या लोकांना ही अडचण मी फोड करून सांगायची गरज नाही.

आता रेशनविषयी. या कुटुंबाचे कार्ड गावाकडे होते आणि ते गुजरातेत चालत नाही असे त्यांनी गृहीत धरले होते. दर महिन्याला ते दुकानातून गहू-तांदूळ विकत घेत होते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिना पाच किलो व अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. २०१९ मध्ये सुरू झालेली 'एक देश, एक रेशनकार्ड' ही व्यवस्था २०२२ च्या जूनपर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. आधार जोडलेले कार्ड असेल तर नगरच्या माणसाला सुरतेत किंवा इंदुरात, हैदराबादेत किंवा हुबळीत आपला वाटा उचलता येतो. पाच जणांचे पंचवीस किलो. त्यावर सबंध महिना निघत नाही, पण भार पुष्कळ हलका होतो. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी अंगणवाडीतला आहार, आणि सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचे जेवण, हेही त्याच कायद्याने दिलेले हक्क आहेत.

नवरा म्हणाला, "साहेब, फुकटचं घ्यायला लाज वाटते." मी त्याला रूथची गोष्ट काढून दाखवली. शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसे वेचू नका, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्या, अशी परमेश्वराने इस्राएलाला आज्ञा केली (लेवीय १९:९-१०). आपल्याकडेही सरवा वेचण्याची चाल होती. रूथ तो सरवा वेचायला गेली, ती भीक मागायला नव्हे. नियमशास्त्राने तिच्यासाठी जे राखले होते ते ती घेत होती. आणि त्याच अध्यायात पाहा : बवाजाने तिला हुरडा दिला, ती पोटभर जेवली, आणि उरलेले तिने नामीसाठी बांधून नेले. आधी ती तृप्त झाली असे शास्त्र आवर्जून सांगते. उपाशी राहून सासूला वाढले, असे नाही. हे वाचत असताना कोपऱ्यात बसलेली म्हातारी ऐकत होती, इकडे माझे लक्ष नव्हते.

मंडळीच्या पुढाऱ्यांना आणि माझ्या पाळकबंधूंना एक शब्द. एलीयाने त्या विधवेला आधी आपल्यासाठी लहानशी भाकर आणायला सांगितले, हे वचन आपण फार उत्साहाने वापरतो. पण त्याच वचनात पुढे तो तिला स्वतःसाठी व मुलासाठी करायला सांगतो, आणि मडके रिकामे होणार नाही हे देवाचे अभिवचन त्याच्यापाशी असते. आपल्यापाशी ते नसताना आपण गृहभेटीला गेलो आणि उधारीचे फरसाण खाऊन आलो, तर आपण एलीया ठरत नाही. त्या भेटीपासून आम्ही उभयता कोठेही गेलो तरी आधीच निरोप देतो, की पाणी घेऊ, दुसरे काही करू नका. काहींना राग आला. येऊ द्या. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला जमल्यावर एक उपाशी राही आणि दुसऱ्याला जास्त होई, तेव्हा पौलाने त्यांना काही अवघड सिद्धान्त सांगितला नाही. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, एवढेच लिहिले (१ करिंथ ११:३३).

चार महिन्यांनी बाईंचे हिमोग्लोबिन साडेदहा झाले. त्याच सुमारास माझी बदली ठरली आणि त्यांनी आम्हांला जेवायला बोलावले. फरसाण आणणार नाही, असे आधीच सांगितले. बाजरीची भाकरी, हुलग्याचे पिठले, फ्लॉवरच्या पाल्याची शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजी, कांदा, लिंबू. मी मुलांच्या शेजारी बसलो. बाई वाढू लागल्या आणि सवयीने म्हणाल्या, "तुम्ही बसा सगळे, मी मागून बसते."

तेव्हा म्हातारी बोलली. "मी जन्मभर मागून बसले. माझ्यासाठी कोणी थांबलं नाही, मी पण तुझ्यासाठी थांबले नाही. आता बस."

नवऱ्याने सरकून जागा केली. उपकारस्तुती करायला मला सांगण्यात आले. डोळे मिटण्यापूर्वी मी ताटे मोजली. माणसे सात होतो आणि ताटे सहाच. धाकटा उठला, शेजारच्या घरातून एक थाळी मागून घेऊन आला, आजीने ती पदराने पुसून सुनेपुढे ठेवली, आणि मग आम्ही प्रार्थना केली.